फोटोग्राफीचा कोर्स घेऊ का? – १८५५ पासूनचं उत्तर

मागच्या महिन्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतोय. मूलहून आला, ब्रह्मपुरीहून आला, देसाईगंजहून आला, चामोर्शीहूनही. प्रश्न साधा आहे : "हातात फोन आहे, फोटोची आवड आहे. इन्स्टाग्रामवर ऑनलाइन फोटोग्राफी कोर्सची जाहिरात दिसते. तीन-चार हजार फी आहे. घेऊ का?"

तीन-चार हजार म्हणजे मुंबई-पुण्यातल्या कुणासाठी एका शनिवार-रविवारचा खर्च असेल. आपल्याकडे तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे उठून पानं तोडणाऱ्या घरात ती मोठी रक्कम आहे. त्यामुळे "आवड असेल तर घे ना" असं सांगून मी मोकळा होणार नाही. आपला हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, तेव्हा इतिहासालाच विचारू : आपल्या लोकांनी फोटो काढणं शिकलं कसं? आणि शिकवणीचे पैसे दिले, तेव्हा त्या पैशांत नेमकं काय विकत घेतलं?

चला, थेट १८५५ सालात.

फोटो काढण्याची रीत जगाला १८३९ मध्ये पॅरिसमधून कळली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. तिच्या सदस्यांत गोरे साहेब होते तसे डॉ. नारायण दाजीही होते. हे भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ. पेशाने डॉक्टर, पण कॅमेऱ्याचा नाद लागलेला. आणि १८५५ मध्ये सरकारने मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच सुरू केला. शिकवायला कॅप्टन क्रॉफर्ड. त्या वर्गात शिकलेले हरिचंद चिंतामण पुढे मुंबईतले सुरुवातीचे भारतीय धंदेवाईक फोटोग्राफर झाले. म्हणजे आपल्या राज्यात 'फोटोग्राफीचा कोर्स' ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांच्या आसपास जुनी आहे. जाहिरात नवी, प्रश्न जुना.

आता त्या काळी वर्गाशिवाय पर्याय का नव्हता, ते बघा. तेव्हा चालायची ओल्या काचेची पद्धत. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ती जाहीर केली होती. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरवायचं, अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचं, काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच पुन्हा अंधारात नेऊन धुवायचा. काच वाळली की फोटो गेला. हातात असायची जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. त्या द्रावणात ईथर असतं, आणि ते उन्हाळ्यात भराभर उडतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात किती मिनिटं मिळाली असती, याचा अंदाज तुम्हीच करा.

शहराबाहेर जायचं तर काचा, बाटल्या, पाणी आणि अंधारासाठी तंबू, सगळं बैलगाडीवर लादावं लागे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात आपल्याकडे आले आणि वैनगंगेच्या काठच्या मार्कंड्याच्या देवळांचं वर्णन त्यांनी आपल्या अहवालात केलं. आज तुम्ही चामोर्शीहून दुचाकीवर मार्कंड्याला जाता, दहा मिनिटांत पन्नास फोटो काढता, नाही आवडले तर उडवता. त्या काळी त्या प्रत्येक फोटोला अर्धा तास, एक काच आणि दोन मदतनीस लागले असते.

म्हणून १८५५ च्या वर्गाची फी ही मुख्यतः दोन गोष्टींची होती. एक : रसायनांचं ज्ञान, जे दुसरीकडे सहज मिळत नव्हतं. दोन : सामान आणि अंधारी खोली, जी घरी परवडत नव्हती. ही दोन कलमं लक्षात ठेवा.

दुसरा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्म. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. १८९० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा घेतला आणि स्वतःच प्रयोग सुरू केले. पण ब्लॉक बनवणं, छपाई, डार्करूमची तंत्रं ही कौशल्यं मात्र ते रीतसर शिकले. कलाभवनाच्या गज्जर सरांनी त्यांना त्यासाठी रतलामला पाठवलं आणि पुढे कलाभवनाचा स्टुडिओ वापरायला दिला. मग त्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदाही केला.

ही कथा इथे संपली असती तर ती फक्त 'कोर्स करा, मोठे व्हा' अशी झाली असती. पुढचा भाग महत्त्वाचा आहे.

१९१२ मध्ये फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. किती दिवस? जेमतेम दोन आठवडे. तिथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख काढली, त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि परत आले. सिनेमाचं त्यांचं परदेशी शिक्षण एवढंच. पण जाण्याआधी वीस वर्षं ते फोटो, छपाई आणि ब्लॉक यांत हात काळे करत होते. काय विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं. ज्याला प्रश्न माहीत असतो त्याला दोन आठवडे पुरतात. ज्याला माहीत नसतो त्याला दोन वर्षांचा कोर्सही अपुरा पडतो.

आणि परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय चित्रित केलं? हरिश्चंद्र नाही. वाटाण्याचं रोप! कुंडीत वाटाणा पेरला आणि जवळजवळ महिनाभर रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं. 'अंकुराची वाढ' म्हणतात तिला. ती पाहून पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला. मग ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. सरस्वतीबाई फाळके फिल्म धुण्यापासून तिला भोकं पाडण्यापर्यंतची कामं करत होत्या. त्या कुठल्या वर्गात गेल्या होत्या? घरातल्याच डार्करूममध्ये शिकल्या.

तिसरी व्यक्ती, होमाई व्यारावाला. १९१३ चा जन्म, देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. त्याही जे. जे. मध्ये शिकल्या, पण कॅमेरा त्यांना शिकवला माणेकशॉ व्यारावालांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे तेही त्यांच्याच नावाने. होमाईंना रसायनापेक्षा मोठी गोष्ट मिळाली : रोज शेजारी उभा असलेला, काम करणारा माणूस. आज काय चुकलं, उद्या कुठे उभं राहायचं, हे सांगणारा.

हे झालं तिसरं कलम : तुमच्या फोटोकडे बघून बोलणारा जाणता माणूस.

आता हिशोब मांडू. पहिलं कलम, ज्ञान. ते आज फुकट आहे. ॲपर्चर, शटर, आयएसओ हे समजावणारे मराठी-हिंदी व्हिडिओ ढिगाने आहेत. दुसरं कलम, सामान आणि डार्करूम. ते तुमच्या खिशात आहे. फोन एका क्षणात अनेक फ्रेम घेतो आणि उजेड-अंधार जुळवून एक फोटो देतो. उरलं तिसरं. तुमचा फोटो बघून "आभाळामुळे चेहरा काळा पडला, चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढव" असं सांगणारं कुणीतरी. हे अजूनही दुर्मीळ आहे. पैसे द्यायचे तर याचेच.

म्हणून कुठल्याही कोर्सला एकच प्रश्न विचारा : "माझे फोटो कोण बघणार, किती वेळा बघणार, आणि मला समजेल त्या भाषेत बोलणार का?" उत्तर जर "चाळीस व्हिडिओ, आजीवन प्रवेश आणि प्रमाणपत्र" असं आलं, तर तुम्ही १८५५ ची फी २१ व्या शतकात भरताय. नका भरू. उत्तर जर "आठवड्याला तुमचे पाच फोटो, त्यावर लाइव्ह चर्चा" असं असेल, तर विचार करायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न स्वतःला : फोटो कशाचे काढायचेत?

लग्नाची कामं करायची असतील, तर माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या तालुक्यातल्या फोटोग्राफरकडे एक हंगाम मदतनीस म्हणून जा. लाइट धरा, बॅग उचला, हळदीच्या मांडवात उजेड कसा पडतो ते बघा. हा होमाईंचा रस्ता आहे, आणि यात फी द्यावी लागत नाही, कधी कधी चार पैसे मिळतातही.

वाघाचे फोटो काढायचे असतील, तर थोडं थांबा. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. तिथे सफारीत मोबाइल वापरायला बंदी आहे, म्हणजे फोनवरचा कोर्स तिथे कामाचा नाही. आणि इतिहास बघा : एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वन अधिकारी १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी जनावरांच्या वाटेवर तार बांधायचा. वाघाचा पाय तारेला लागला की भपकन उजेड पडून फोटो निघायचा. त्याला हे कॅमेऱ्याने शिकवलं नव्हतं. वाघ कुठल्या वाटेने जातो, हे जंगलात चालून त्याला कळलं होतं. आज आपल्या जंगलात वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप लावतात, ते त्याच कल्पनेचं पुढचं रूप. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात. पगमार्क ओळखणारा तुमच्या गावचा वाटाड्या या विषयातला अर्धा कोर्स आहे, हे विसरू नका.

आणि माणसांचे फोटो काढायचे असतील, तर एक गोष्ट कोर्समध्ये क्वचितच शिकवतात. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रजांनी 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. देशभरातल्या जातीजमातींचे फोटो. त्यातली कितीतरी माणसं निव्वळ आपल्या जातीचा किंवा जमातीचा 'नमुना' म्हणून उभी आहेत. भामरागडला किंवा एटापल्लीला जाऊन गोंदण असलेल्या माडिया आजीचा न विचारता फोटो काढून, तिच्या नावाशिवाय टाकणारे आपण वेगळं काय करतो? आधी विचारा, नाव लिहून घ्या, फोटो तिला दाखवा, जमलं तर प्रिंट नेऊन द्या. तुम्ही तिथलेच असाल तर तुम्हाला आजी म्हणून हाक मारता येते. बाहेरच्या कुठल्याही महागड्या लेन्सला ते जमत नाही.

आता, जाणता माणूस आणायचा कुठून? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत असेलच. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवलेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, साल २००९. पण त्या हक्काआधी कितीतरी वर्षं तिथे 'अभ्यास गट' चालत होता. विषय ठरवायचा, गोल करून बसायचं, लागला तर बाहेरचा जाणकार बोलवायचा, प्रश्न विचारायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत रुजवली. मोठ्या शाळेशिवाय गावाने कायदा समजून घेतला, तर आपल्याला उजेड समजायला काय हरकत आहे?

चार-पाच मित्रमैत्रिणी जमवा. दर रविवारी प्रत्येकाने तीन फोटो आणायचे. 'मस्त', 'भारी', 'एक नंबर' हे शब्द बंद. एवढंच सांगायचं : नजर आधी कुठे गेली, काय नको होतं, उजेड कुठून आला. महिन्यातून एकदा गावातल्या फोटोग्राफरकाकांना चहाला बोलवा.

आणि कोर्सचं पान उघडण्याआधी फाळक्यांचा वाटाणा करा. एक गोष्ट निवडा : अंगणातलं मोहाचं झाड, बाजारातली एक टपरी, आजोबांचे हात. रोज एक फोटो, तीस दिवस, त्याच गोष्टीचा. दहाव्या दिवशी कंटाळून सोडलंत, तर तुमचे तीन हजार वाचले, आणि त्यात लाजायचं काही नाही. तिसाव्या दिवशी तुमच्याकडे नेमके प्रश्न असतील : दुपारचं ऊन पांढरंफक का येतं, झाडाखाली चेहरा हिरवट का दिसतो. ते प्रश्न गटाने सुटले तर उत्तम. नाही सुटले, तर ते कागदावर लिहा आणि कोर्सवाल्यांना पैसे भरण्याआधी विचारा. जो उत्तर देईल, त्याचा कोर्स घ्या. मग घरी फी मागताना तुम्हाला कारणही सांगता येईल आणि तीस फोटोही दाखवता येतील.

तीस दिवसांनी तुमचा पहिला आणि तिसावा फोटो आम्हाला पाठवा, सोबत गावाचं नाव लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात. रामराम!