संगणकीय परिचयसंस्थांचा आरंभ : एक विस्मृत नाव

यंत्राच्या साहाय्याने स्त्री-पुरुषांचा परिचय घडवून आणण्याच्या व्यवसायाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक हार्वर्ड विद्यापीठापासून प्रारंभ करतात. इ. स. १९६५ मध्ये तेथील जेफ टार प्रभृती विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ ही योजना काढली. इच्छुकाने ३ डॉलर व भरलेली प्रश्नावली पाठवावयाची आणि संगणकाने निवडलेल्या व्यक्तींची यादी त्यास टपालाने यावयाची, अशी तिची रीत होती. पुढच्याच वर्षी ‘लुक’ या अमेरिकन नियतकालिकाने तिची हकीकत छापली आणि ती सर्वतोमुखी झाली. तथापि हा पहिला प्रयत्न नव्हे. १९५९ मध्येच स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ४९ पुरुष व ४९ स्त्रिया यांची जुळणी आयबीएम ६५० यंत्रावर केली होती. अर्थात तो वर्गातील अभ्यासाचा एक भाग होता, व्यवसाय नव्हता.

व्यवसाय म्हणून हे काम हार्वर्डच्या आधी हाती घेतले ते लंडनच्या जोन बॉल या बाईंनी. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना लाभले नव्हते. १९६२ मध्ये त्यांनी परिचय घडवून देणारी एक साधी संस्था काढली आणि १९६४ मध्ये ‘सेंट जेम्स कॉम्प्युटर डेटिंग सर्व्हिस’ या नावाने संगणकाचा आश्रय केला. यंत्र स्वतःचे नव्हते. त्याचा वेळ भाड्याने घ्यावा लागे. अशा संस्थांविषयी त्या काळी लोकांच्या मनात संशय असे, आणि वृत्तपत्रे त्यांच्या जाहिराती घेण्यास नाखूष असत. तेव्हा बाईंनी समुद्रातील जहाजांवरून विनापरवाना चालणाऱ्या रेडिओ केंद्रांची वाट धरली!

त्यांच्या प्रश्नावलीचा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. माणसास काय हवे यापेक्षा काय नको, यावर त्यांचा भर होता. आपल्याकडे पत्रिका पाहताना ३६ गुणांचा हिशेब होतो. परंतु पुष्कळ स्थळे एखाद्याच ‘नको’वर मोडतात, हे कोणत्या वडीलधाऱ्यास ठाऊक नाही? हे व्यवहारज्ञान बाईंनी यंत्रास शिकविले.

१९६५ मध्ये त्यांच्या संस्थेचे नाव ‘कॉम-पॅट’ झाले. १९६६ मध्ये निघालेली ‘डेटलाइन’ ही प्रतिस्पर्धी संस्था मात्र पुढे गेली, आणि कर्जाने बेजार झालेल्या बाईंनी आपला व्यवसाय अखेर तिच्याच चालकास विकला.

यानंतरची वाटचाल वाचकांच्या परिचयाची आहे. १९९५ मध्ये गॅरी क्रेमन यांचे ‘मॅच डॉट कॉम’ आले आणि निवडीचे काम यंत्राकडून पुन्हा बरेचसे माणसाकडे आले; ग्राहक इतरांची माहिती स्वतःच चाळू लागला. त्याच दशकाच्या अखेरीस आपल्या वृत्तपत्रांतील ‘वर पाहिजे, वधू पाहिजे’ ही सदरेही इंटरनेटवर जाऊ लागली. अमेरिकेत २०१७ मध्ये जमलेल्या स्त्री-पुरुष जोड्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोड्यांची भेट इंटरनेटद्वारा झाली होती, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगते.

हार्वर्डच्या तरुणांची कीर्ती टिकली, कारण ती वेळीच छापली गेली. इतिहासकारही शेवटी छापील कागदाच्याच मागे जातात. जोन बॉल यांचे कार्य अलीकडे मार हिक्स यांच्या संशोधनामुळे उजेडात आले. बाईंनी आपले आत्मचरित्र २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. ‘टिंडर’ निघाले तेही त्याच वर्षी.