'राम के नाम': एका उशिरा पोहोचवलेल्या फिल्मच्या तारखा

थोडं लांबलंय. सवडीने वाचा, वाचून मग भांडा.

आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' हा माहितीपट पाहिलेल्यांपेक्षा त्यावर भांडलेले लोक जास्त असतील. एकाला तो हिंदूविरोधी वाटतो, दुसऱ्याला धर्मनिरपेक्षतेची पोथी वाटतो, आणि दोघांनीही त्यातली पाचदहा मिनिटंच मोबाईलवर पाहिलेली असतात. फिल्म चांगली की वाईट हा आजचा विषय नाही. मला तिच्या तारखांवर बोलायचंय. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आमचे एक सर सांगायचे, आधी तारीख बघा, मग नाव बघा, विशेषणं शेवटी.

तर तारखा.

७ ऑगस्ट १९९० ला व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली. २५ सप्टेंबरला लालकृष्ण अडवाणींची रथयात्रा सोमनाथहून निघाली. टोयोटाची गाडी, तिला रथाचा साज. ३० ऑक्टोबरला अयोध्येत पोहोचायचं होतं. २३ ऑक्टोबरला बिहारात समस्तीपूरला लालूप्रसादांच्या सरकारने अडवाणींना अटक केली, भाजपने पाठिंबा काढला आणि ७ नोव्हेंबरला लोकसभेत सरकार पडलं. मंडलच्या घोषणेपासून सरकार पडेपर्यंत बरोबर तीन महिने. या तीन महिन्यांत देशाच्या राजकारणाची भाषा बदलली, ती आजतागायत तीच आहे.

पटवर्धन या काळात कॅमेरा घेऊन फिरत होते. रथ, त्याच्या मागची गर्दी, वाटेतली गावं, आणि ३० ऑक्टोबरची अयोध्या. त्या दिवशी कारसेवक मशिदीच्या घुमटावर चढले, मुलायमसिंहांच्या पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पण फिल्म नुसती गर्दी दाखवत नाही. ती गर्दीतल्या एकेकाला बाजूला घेऊन साधे प्रश्न विचारते. रामाचा जन्म कधी झाला, असं तावातावाने बोलणाऱ्या तरुणांना विचारलं जातं. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा एक जण आहे, त्यालाही नीट सांगता येत नाही. प्रेक्षक इथे हसतात. मला ते हसू फारसं आवडत नाही, खरं सांगतो. श्रद्धेला साल विचारून काय मिळणार? आमच्या पंढरीच्या वारकऱ्याला विठोबाचं साल विचारलं तर तोही गप्पच बसेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

फिल्मचं खरं बळ दुसरीकडे आहे. दोन माणसांत.

पहिले महंत रामसेवक दास शास्त्री. १९४९ च्या डिसेंबरात बाबरी मशिदीत मूर्ती ठेवल्या गेल्या त्यात आपण होतो, असं ते कॅमेऱ्यासमोर सांगतात. आवाजात अपराधाचा भाव नाही, उलट थोडा अभिमानच आहे. हा प्रसंग कळायला मागे जावं लागतं. २२ आणि २३ डिसेंबर १९४९ च्या मधल्या रात्री मशिदीत रामललाची मूर्ती ठेवली गेली. भाविकांत 'प्रगट झाली' असं पसरलं. पण सकाळी पोलिसांनी जो गुन्हा नोंदवला त्यात अभिराम दास आणि इतरांची नावं आहेत, म्हणजे सरकारी कागदावर पहिल्या दिवसापासून हे माणसांचंच काम होतं. पंतप्रधान नेहरूंनी मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंतांना तार केली. फैजाबादचे जिल्हाधिकारी के. के. नायर यांनी मूर्ती हलवायला नकार दिला, दंगल होईल, हवं तर मला बदला, अशी भूमिका घेतली. २९ डिसेंबरला वास्तू जप्त करून रिसीव्हर नेमला. तात्पुरती व्यवस्था! मूर्ती आत राहिल्या, पुजाऱ्याची पूजा चालू राहिली, नमाज मात्र बंद झाला तो कायमचा. हेच नायर पुढे १९६७ ला जनसंघाचे खासदार झाले.

ही तात्पुरती व्यवस्था छत्तीस वर्षं टिकली. १ फेब्रुवारी १९८६ ला फैजाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी कुलूप काढायचा आदेश दिला आणि तासाभरात कुलूप निघालंसुद्धा. बातमी टिपायला दूरदर्शनचा कॅमेरा हजर होता, असं त्या काळावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. तेव्हा केंद्रात राजीव गांधी, राज्यात काँग्रेस. ज्या देशात वाटणीच्या दाव्यात नातवंडं म्हातारी होतात, तिथे तासाभरात अंमलबजावणी. कोर्टाच्या बातम्या करणाऱ्या कोणालाही विचारा, असा वेग कितीदा बघितला म्हणून.

फिल्ममधला दुसरा माणूस म्हणजे पुजारी लालदास. मला ही फिल्म या माणसासाठी महत्त्वाची वाटते.

लालदास हे त्याच वादग्रस्त जागेतल्या रामललाचे मुख्य पुजारी, न्यायालयाच्या व्यवस्थेतून नेमलेले. म्हणजे रोज सकाळी त्या मूर्तीला स्नान घालणारा, नैवेद्य दाखवणारा माणूस. आणि हा माणूस शांतपणे सांगतो की विश्व हिंदू परिषदेचं हे आंदोलन धर्माचं नाही, राजकारणाचं आणि पैशाचं आहे, यांना रामाशी देणंघेणं नाही, मतांशी आहे. अयोध्येतल्या मंदिरांना मुसलमान राज्यकर्त्यांनी जमिनी दिल्या, मदत केली, याचे दाखले तो देतो. आवाज चढवत नाही. इंग्रजी शिकलेला शहरी विचारवंत नाही तो. भगवी वस्त्रं, अवधी वळणाची हिंदी. त्याला हिंदूविरोधी म्हणायचं तर म्हणणार कसं?

आमच्या धंद्यात याला सोर्स म्हणतात. बाहेरून शंभर जण टीका करतात त्याला किंमत नसते, आतला एक माणूस नावानिशी बोलला की बातमी उभी राहते. मंदिराच्या गाभाऱ्यातला माणूस नावानिशी बोलला होता. चेहरा दाखवून बोलला होता. प्रश्न एवढाच होता की हे लोकांपर्यंत पोहोचणार का आणि कधी.

पहिली अडचण नेहमीप्रमाणे सेन्सॉरची यायला हवी होती. ती आली नाही. फिल्मला 'यू' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे लहान मुलांनीही बघावी अशी. पुढे सर्वोत्कृष्ट शोध माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअरही मिळालं. राष्ट्रीय पुरस्कार म्हणजे सरकारची मोहोर. आणि त्याच सरकारच्या दूरदर्शनने फिल्म दाखवली नाही.

आज तीनशे चॅनेलं असताना याचं गांभीर्य कळणार नाही. तेव्हा गावाकडे टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. माझ्या पिढीला आठवत असेल, १९८७ आणि ८८ ला रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा एसटी स्टँडवर चिटपाखरू नसायचं, लोक टीव्हीला हार घालायचे. माझी आजी चप्पल बाहेर काढून शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसायची. रामानंद सागरांची मालिका चांगली की वाईट हा वेगळा विषय, आजीला ती आवडायची आणि मलाही. पण रामाबद्दल देशाशी बोलायचं सगळ्यात मोठं साधन दूरदर्शनच्या हातात होतं, ते किती मोठं आहे हे दूरदर्शनला माहीत होतं, आणि त्या साधनावर रामललाच्याच पुजाऱ्याला जागा मिळाली नाही.

भाजपवाल्यांना शिव्या देऊन इथे सुटता येत नाही, हे माझ्या पुरोगामी मित्रांना जरा टोचेल. १९९२ ला दिल्लीत सरकार नरसिंह रावांचं होतं. फिल्म काँग्रेसच्या काळात अडली. बंदी घातली का? नाही. बंदी घातली असती तर बातमी झाली असती, विरोध झाला असता. फक्त दाखवली नाही. मी ज्या पहिल्या पेपरात होतो तिथे एक शब्द होता, 'होल्ड'. बातमी मारली असं कोणी म्हणायचं नाही. आमदाराची असो की साखर कारखान्याची, 'होल्डवर ठेव रे, उद्या बघू.' उद्या गेलं की बातमी आपोआप मरते, हात कोणाचेच रंगत नाहीत.

पटवर्धन कोर्टात गेले. कोर्टाच्या लढाईनंतर दूरदर्शनवर फिल्म दिसली ती १९९७ साली.

आता मधली सालं बघा. १९९२ च्या मार्चमध्ये लालदास यांना पुजारीपदावरून हटवलं. ६ डिसेंबर १९९२ ला मशीद पाडली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या हिशोबाने ९०० माणसं गेली, त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. १६ नोव्हेंबर १९९३ ला लालदास यांचा अयोध्येजवळ खून झाला. जमिनीच्या वादातून झाला असं सांगण्यात आलं.

म्हणजे देशाने सरकारी पडद्यावर लालदास यांना बोलताना ऐकलं तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं होत आली होती आणि ज्या वास्तूबद्दल ते बोलत होते तीही शिल्लक नव्हती. इशारा म्हणून केलेली फिल्म लोकांना आठवण म्हणून बघायला मिळाली. ती वेळेवर दाखवली असती तर मशीद वाचली असती, असं मी म्हणणार नाही. एका फिल्मने एवढं होत नसतं. पण आमच्यासारख्या गावातून १९८९ ला शिलापूजनाच्या विटा गेल्या होत्या, आणि त्या भक्तिभावाने देणाऱ्या बायाबापड्यांना रामललाचा पुजारी काय म्हणतो हे ऐकायचा हक्क होता की नव्हता? ऐकून त्यांनी तरीही वीट दिली असती तर ती त्यांची मर्जी.

हे एकदाच झालं असंही नाही. पटवर्धन यांची पुढची फिल्म 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ ची. तीही दूरदर्शनने नाकारली, दूरदर्शन सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथे हरलं. निकाल २५ ऑगस्ट २००६ चा. अकरा वर्षं. प्रत्येक वेळी निकाल फिल्मच्या बाजूने आणि प्रत्येक वेळी उशिरा.

मोठ्या खटल्याचंही वेगळं काही नाही. ९ नोव्हेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने जमीन मंदिरासाठी दिली, मशिदीला दुसरीकडे पाच एकर दिले. त्याच निकालात १९४९ ला मूर्ती ठेवणं आणि १९९२ ला मशीद पाडणं या दोन्ही गोष्टी बेकायदेशीर होत्या असंही म्हटलंय. हे वाक्य फार कमी लोकांनी वाचलंय. सत्तर वर्षांनी सांगितलेलं बेकायदेशीर. १९४९ च्या नाताळात हेच म्हणून मूर्ती सन्मानाने बाहेर चबुतऱ्यावर ठेवल्या असत्या तर? पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर २०२० ला, पाडापाडीच्या खटल्यातले सगळे ३२ आरोपी निर्दोष सुटले.

२२ जानेवारी २०२४ ला प्राणप्रतिष्ठा झाली. त्याच्या दोन दिवस आधी हैदराबादेत एका कॅफेत 'राम के नाम' दाखवत होते. पोलिसांनी मध्येच खेळ थांबवला, आयोजकांना ताब्यात घेतलं. तेलंगणात सरकार काँग्रेसचं. इकडे पुण्यात एफटीआयआयमध्ये त्याच आठवड्यात बाहेरून आलेल्या टोळक्याने विद्यार्थ्यांना मारहाण केली. 'यू' प्रमाणपत्राची, राष्ट्रीय पुरस्काराची, कोर्टाच्या आदेशाने सरकारी टीव्हीवर दाखवलेली फिल्म, तीस वर्षांनंतर.

यूट्यूबवर आहे. ज्यांना पटवर्धनांचा राग आहे त्यांनी बाकी सगळं पळवलं तरी चालेल, लालदास बोलतात तो भाग मात्र न पळवता ऐका. आणि ते बोलत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांना माहीत होतं आपण काय बोलतोय आणि कुठे राहतोय.