मोनॅकोचें हिरवें शेवाळ

इ. स. १९८४ सालीं मोनॅको येथील सागर-संग्रहालयाच्या भिंतीखालीं, समुद्राच्या तळाशीं, एक हिरवागार ठिपका आढळून आला. त्याचा विस्तार अवघा एक चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहानशा चटईएवढा होता. ‘कॉलर्पा टॅक्सिफोलिया’ नांवाचें तें शेवाळ मूळचें उष्ण समुद्रांतलें. भूमध्य समुद्रांतील हिवाळा त्याला सोसणार नाहीं, असेंच कोणालाही वाटलें असतें; परंतु तें मेलें नाहीं.

ह्या शेवाळाचा एक वाण जर्मनींतील स्टुटगार्ट येथल्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयांत शोभेसाठीं वाढविला होता. तो थंडी सोसणारा, भराभर फोफावणारा आणि दिसावयास मोहक. म्हणून इतर मत्स्यालयांनींही तो मागून नेला व तो मोनॅकोस पोंचला. १९८९ सालीं ठिपक्याचें क्षेत्र सुमारें एक हेक्टर झालें होतें. नीस विद्यापीठांतील प्राध्यापक अलेक्झांद्र मेनेझ ह्यांनीं धोक्याची सूचना दिली. उलट, हें शेवाळ संग्रहालयांतून आलेंच नाहीं, तें भूमध्य समुद्रांतच असलेल्या दुसऱ्या एका जातीचें रूपांतर असावें, असें प्रतिपादन संग्रहालयाच्या बाजूनें झालें. वाद वर्षानुवर्षें चालला. १९९८ सालीं आनुवंशिक परीक्षेनें समुद्रांतील व मत्स्यालयांतील वाण एकच असल्याचें दिसून आलें. परंतु शेवाळ निकालाची वाट पाहत थांबलें नव्हतें. २००० सालापर्यंत तें सहा देशांच्या किनाऱ्यांस पोंचलें.

ह्या वेगाचें कारण त्याच्या रचनेंत आहे. एवढी मोठी वनस्पती म्हणजे वस्तुतः एकच पेशी. तिचा लहानसा तुकडाही नवें रोप होतो. नौकांचे नांगर व कोळ्यांचीं जाळीं असे तुकडे बंदरोबंदरीं घेऊन जात.

ज्या पोसिडोनिया गवताच्या कुरणांत माशांचीं पिल्लें आश्रय घेतात, तेथेंही हें शेवाळ शिरलें. त्याच्या अंगीं कॉलर्पेनिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. उन्हाळ्यांत तें वाढलें, कीं वनस्पती खाणारा काटेरी सागरी साळू त्याला तोंड लावीत नाहीं. मुले नांवाचा तांबडा मासा हनुवटीवरील दोन मिशांनीं वाळू चांचपून भक्ष्य शोधतो. दाट शेवाळानें तळ झांकला, कीं त्याचें हें काम कठीण होतें. हिरवळ दिसते खरी, परंतु ती कुरण नव्हे.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्सच्या किनारीं २००० सालीं हेंच शेवाळ आढळल्यावर आणखी एक प्रकार दिसला. तेथें वाळूंत पुरून राहणारी, तिसऱ्यांच्या तऱ्हेची एक शिंपली आहे. तिचीं पिल्लें शेवाळांत पुष्कळ येऊन बसतात. परंतु तेथील चिखलांत प्राणवायू कमी पडतो, म्हणून मोठ्या शिंपल्या वर सरकून उघड्या पडतात व शत्रूंना सांपडतात. आश्रय देणारेंच घर पुढें घातक ठरतें. अर्थात् परिणाम सर्व प्राण्यांवर सारखाच होतो, असें म्हणतां येत नाहीं.

कॅलिफोर्नियांत मात्र निराळें घडलें. अमेरिकेनें १९९९ सालींच ह्या वाणावर बंदी घातली होती; तरीही जून २००० मध्यें अग्वा हेदिओंदा ह्या खाडींत तो सांपडला. मोनॅकोचा धडा ताजा होता. तो कोणी आणला, ह्याचा वाद न घालतां, तीन आठवड्यांच्या आंत पाणबुड्यांनीं त्यावर ताडपत्री अंथरून तिच्याखालीं क्लोरीन सोडला. सत्तर लाखांहून अधिक डॉलर खर्च झाले व २००६ सालीं शेवाळ निपटल्याचें जाहीर झालें.

भूमध्य समुद्रांत पुढें अनेक ठिकाणीं ह्या शेवाळाचा जोर आपोआप ओसरला. तेव्हां कांहींच न करणें शहाणपणाचें होतें, असा अर्थ कोणी काढील. परंतु तें ओसरेल हें १९८९ सालीं कोणालाच ठाऊक नव्हतें, आणि तेव्हां तें उपटण्यास एकच हेक्टर पुरें होतें.