लाकडातला धनेश

नागालँडच्या मोन जिल्ह्यात माझी दोन वर्षं गेली. तिथं धनेश पक्षी खूप पाहिले, सगळे लाकडाचे. गावाच्या वेशीवर, घराच्या दर्शनी फळीवर, मोरुंगच्या खांबावर.

मोरुंग म्हणजे गावातल्या तरुण पोरांचं एकत्र राहण्याचं घर. आपल्याकडची तालीम समजा, पण झोपणं, शस्त्रं, गाणी, गावाचा पहारा सगळं तिथूनच. आमच्या भाषेत गार्डरूम. त्याचा मुख्य खांब एका अखंड बुंध्याचा. त्यावरचा पक्षी वेगळा करून ठोकलेला नसतो. दावनं आजूबाजूचं लाकूड काढत जायचं, पक्षी आपोआप वर येतो. एक घाव चुकला की बुंधा वाया. चोच आणि तिच्यावरचं शिरस्त्राणासारखं टोपण मन लावून कोरतात. अंग मात्र पुष्कळदा नुसतं सुचवून सोडतात.

हा पक्षी शोभेसाठी नव्हता. महाधनेशाचं शेपटीचं पीस पांढरं, त्यावर एक काळा पट्टा. कित्येक नागा जमातींत ते डोक्यात खोवण्याचा मान शत्रूचं शिर आणणाऱ्या योद्ध्याचा. छातीवर रिबिनी लावून फिरणाऱ्या मला हे समजायला वेळ लागला नाही. थोडं अस्वस्थ मात्र वाटलं.

१८७२ मध्ये अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी ई. डब्ल्यू. क्लार्क आओ नागांच्या मुलखात आले. पुढे गावं ख्रिस्ती होत गेली तशी मोरुंग ओस पडली. शिरं आणणं थांबलं हे चांगलंच झालं, पण त्यासोबत खांब कोरणारे हातही रिकामे झाले. जे. पी. मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९२६ च्या आओ नागांवरच्या पुस्तकात मिशनवर टीका केली आहे. कोन्याक मुलखात हा बदल उशिरा पोचला. १९३६-३७ मध्ये फ्यूरर-हायमेनडॉर्फ वाकचिंग गावी राहिले, तेव्हा तिथली मोरुंग नांदती होती.

पक्षी संपायची कारणं वेगळी. जंगल तुटलं, आणि कोन्याक कारागीर ठासणीच्या बंदुकाही उत्तम घडवतात! २००० पासून राज्याचा मोठा उत्सव धनेशाच्याच नावानं भरतो. तिथल्या नाचात आता नकली पिसंही दिसतात, आणि ते बरंच आहे.

आमच्या पोस्टखालच्या गावात एक म्हातारबाबा टेबलावर ठेवायचे छोटे धनेश कोरायचे. माझ्या मोडक्यातोडक्या नागामीत विचारलं, "जिवंत पाहिलाय?" म्हणाले, "लहानपणी. आधी पंखांचा आवाज यायचा, पक्षी मागून."

त्या वर्षी रजेवर आजोळी गेलो. तिलारीजवळ, दोडामार्ग तालुक्यात. उंबर पिकला होता. डोक्यावरून कोळशाचं इंजिन गेल्यासारखी धाप ऐकू आली आणि झाडावर महाधनेश उतरला. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरामागे, पहिल्यांदा. तो उडेपर्यंत मोबाइल धरून उभा राहिलो.

परत गेल्यावर बाबांना व्हिडिओ लावून दिला. त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं, मग मोबाइल कानाला लावला. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं.