व्हिएन्नातील मनोविश्लेषणाची घडण
योझेफ ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दडपलेली आठवण जागवून लक्षण घालवणे हेच उपचाराचे उद्दिष्ट होते. पुढे फ्रॉइडने संमोहन सोडले आणि कोचावर पहुडलेल्या रुग्णाने मनात येईल ते, क्षुल्लक वा लाजिरवाणे वाटले तरी, न गाळता बोलावे, ही मुक्त साहचर्याची पद्धत रूढ केली. या बोलण्यात रुग्ण जवळच्या माणसांविषयीच्या जुन्या भावना नकळत विश्लेषकावर लादतो. यालाच भावसंक्रमण म्हणतात. डोरा या टोपणनावाच्या तरुणीने १९०० च्या अखेरीस उपचार अर्धवट सोडले, कारण हे संक्रमण आपण वेळीच ओळखले नाही, असे फ्रॉइडने १९०५ साली लिहिले. या कबुलीचे मोल मोठे आहे, कारण त्या अपयशाच्या चिकित्सेतूनच भावसंक्रमण हे उपचाराचे मुख्य साधन ठरत गेले.