घट्ट कुरळ्या केसांचा गुंता सोडवणे

घट्ट कुरळ्या केसांचा गुंता सोडवणे ही केस धुण्याच्या दिवशी केली जाणारी केशनिगेची प्रक्रिया आहे. रसायनांनी सरळ न केलेले, मूळची वेटोळी कायम असलेले केस प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये आढळतात. इंग्रजीभाषक जगात अशा केसांना 'नॅचरल हेअर' आणि ते धुण्याच्या दिवसाला 'वॉश डे' म्हणतात. हे केस सहसा आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा धुतले जातात आणि त्या दिवसाचा बराचसा वेळ गुंता सोडवण्यात जातो. केस ओले व निसरडे करणे, त्यांचे लहान भाग पाडणे आणि टोकाकडून मुळाकडे विंचरत जाणे, हा या कामाचा मूळ क्रम आहे. हा क्रम पाळल्यास वेळ वाचतो आणि केस तुटण्याचे प्रमाणही कमी होते.

केसांची रचना आणि गुंत्याची कारणे

केस त्वचेतील ज्या सूक्ष्म पिशवीतून उगवतो तिला केशपुटक म्हणतात. घट्ट कुरळ्या केसांचे केशपुटक वक्र असते. केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो आणि केसाला ठिकठिकाणी पीळ पडलेला असतो. पिळाच्या व वळणाच्या जागी केस तुलनेने कमकुवत असल्यामुळे ताण आल्यावर तो बहुधा तेथेच तुटतो. टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, परंतु वेटोळ्यांवरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही. परिणामी टोके कोरडी राहतात व एकमेकांत अडकतात.

गुंत्याचे दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे गळालेले केस. माणसाचे दररोज साधारण ५० ते १०० केस नैसर्गिकरीत्या गळतात. सरळ केसांतून ते खाली पडतात किंवा विंचरताना निघून येतात. घट्ट कुरळ्या केसांत मात्र ते शेजारच्या वेटोळ्यांत अडकून राहतात आणि इतर केसांना बांधून ठेवतात. सात दिवस न विंचरलेल्या डोक्यात या हिशेबाने ३५० ते ७०० गळालेले केस साठू शकतात. त्यामुळे धुण्याच्या दिवशी हातात येणारी मोठी गुंतवळ हे केस अकाली गळत असल्याचे लक्षण असतेच असे नाही. गळालेला केस पूर्ण लांबीचा असतो व त्याच्या मुळाशी बारीक पांढरट गाठ दिसते. तुटलेला केस आखूड असतो व त्याला अशी गाठ नसते. गुंतवळीत आखूड तुकडे जास्त असल्यास विंचरण्याच्या पद्धतीत दोष असल्याचे समजते.

तिसरे कारण म्हणजे एकाच केसाला स्वतःभोवती बसणारी गाठ. त्वचारोगतज्ज्ञ नॉनह्लान्ह्ला खुमालो यांनी सहकाऱ्यांसह सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केलेला आफ्रिकी केसांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात इतर वंशगटांच्या तुलनेत या केसांत गाठी व तुटलेली टोके अधिक आढळली. अशी गाठ सुटत नसल्यास ती धारदार कात्रीने गाठीच्या किंचित वर कापली जाते.

ओले आणि कोरडे विंचरणे

केसातील केराटीन या प्रथिनाच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात. पाण्यामुळे हे बंध तात्पुरते सुटतात, केस फुगतो, अधिक ताणला जातो व वेटोळी सैल होतात. वाळताना बंध पुन्हा जुळतात आणि केस आखडून मूळच्या लांबीपेक्षा बराच आखूड दिसतो.

सरळ केस ओले असताना विंचरू नयेत, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो, कारण ओलाव्याने केसाच्या पृष्ठभागाचे घर्षण वाढते. घट्ट कुरळ्या केसांत कंगव्याला मुख्य अडथळा वळणांचा असतो. पाण्याने वळणे सैल होत असल्यामुळे हे केस कोरडे विंचरण्यापेक्षा ओले विंचरणे सोपे जाते. मात्र ओला केस कोरड्या केसापेक्षा नाजूक असतो. म्हणून केवळ पाण्यावर न थांबता निसरडेपणा आणणारा पदार्थही लावला जातो.

कंडिशनरचे कार्य

केसाच्या पृष्ठभागावर, विशेषतः झिजलेल्या भागावर, ऋणभार असतो. कंडिशनरमधील बेहेनट्रायमोनियम क्लोराइड व सेट्रिमोनियम क्लोराइड यांसारखी धनभारित संयुगे या भागाला चिकटतात आणि केसावर पातळ, गुळगुळीत थर तयार करतात. सेटिल अल्कोहोलसारखे मेदयुक्त घटक व सिलिकोन हा निसरडेपणा वाढवतात. शाम्पूमधील स्वच्छता करणारे घटक सहसा ऋणभारित असतात. ते मळाबरोबर तेलही काढून टाकतात. शाम्पू लावलेले केस विंचरणे कठीण जाते ते यामुळे.

पद्धत

१. पूर्वतयारी : वेण्या किंवा पीळ घातले असल्यास ते टोकाकडून हलक्या हाताने सोडले जातात आणि सुटे झालेले केस बोटांनी काढून टाकले जातात. काही जण धुण्यापूर्वी केसांना तेल लावतात. आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी मुंबईतील मॅरिको या कंपनीत केलेले संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात खनिज तेल व सूर्यफूल तेल यांच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होत असल्याचे आढळले. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

२. भाग पाडणे : केसांच्या दाटपणानुसार चार ते आठ किंवा अधिक भाग पाडले जातात. ज्या भागावर काम चालू नाही तो पिळून किंवा चिमट्याने बांधून ठेवतात.

३. ओलावा व कंडिशनर : एक भाग मोकळा करून तो पाण्याने पूर्ण भिजवला जातो आणि त्यावर भरपूर कंडिशनर वरून खाली चोळला जातो. केस बोटांतून सरकू लागले की भाग विंचरण्यास तयार झाला असे मानतात.

४. बोटांनी सोडवणे : मोठ्या गाठी आधी बोटांनी चाचपून सैल केल्या जातात. बोटांना गाठीची जागा समजते, कंगव्याला समजत नाही. या टप्प्यावर बरेच गळालेले केस बाहेर येतात.

५. कंगवा : टोकाकडील थोडासा भाग प्रथम विंचरला जातो. तो मोकळा झाला की कंगवा किंचित वर नेला जातो. असे करत शेवटी मुळापर्यंत पोहोचतात. दुसऱ्या हाताने गाठीच्या वर केस घट्ट धरले जातात. त्यामुळे ओढ टाळूपर्यंत पोहोचत नाही.

६. पुन्हा बांधणे : मोकळा झालेला भाग लगेच दोन पेडांत पिळला जातो. तो तसाच सुटा ठेवल्यास शेजारच्या भागात पुन्हा गुंततो.

७. धुणे : शाम्पू बोटांच्या अग्रांनी टाळूवर लावला जातो. केस डोक्यावर गोळा करून चोळले जात नाहीत. पाणी वरून खाली सोडले जाते. त्यानंतर पुन्हा कंडिशनर लावून कंगवा एकदा हलकेच फिरवला जातो.

८. वाळवणे : टॉवेलने घासण्याऐवजी मऊ सुती कापडाने पाणी टिपले जाते. केस पिळात किंवा वेणीत वाळवल्यास ते कमी आखडतात व कमी गुंततात.

काही जण गुंता शाम्पूपूर्वी सोडवतात, तर काही जण शाम्पूनंतर कंडिशनर लावलेले असताना. गुंता जास्त असल्यास पहिला क्रम सोयीचा ठरतो, कारण गुंतलेल्या केसांवर शाम्पू चोळल्याने गाठी अधिक आवळल्या जातात.

वेळेची बचत

मुळाकडून टोकाकडे जोरात कंगवा ओढल्यास काम लवकर होईल असे वाटते. प्रत्यक्षात वाटेतील सर्व लहान गाठी खाली ढकलल्या जाऊन त्यांची एक मोठी गाठ होते व ती सोडवण्यास अधिक वेळ लागतो. तुटलेल्या केसांची टोकेही खडबडीत होतात आणि पुढच्या खेपेस सहज अडकतात. याउलट लहान भाग, पुरेसे पाणी व पुरेसा निसरडेपणा या तीन गोष्टींमुळे कंगवा कमी वेळा फिरवावा लागतो.

बचतीचा मोठा भाग धुण्याच्या दिवसाआधीच ठरतो. आठवडाभर केस वेण्यांत किंवा पिळांत राखणे, रात्री सॅटिनची टोपी किंवा उशीचा अभ्रा वापरणे आणि फाटलेली टोके वेळोवेळी कापणे यांमुळे गुंता कमी होतो.

साधने

बोटांखेरीज रुंद दातांचा कंगवा व लवचिक काड्यांचा ब्रश ही मुख्य साधने आहेत. लांब दातांची उभी फणी केसांना मुळापासून उचलून फुगारा देण्यासाठी असते. गुंता सोडवण्यासाठी ती फारशी उपयोगी नाही. बारीक दातांची फणी या केसांत अडकते.

इतिहास

आफ्रिकेत कंगव्याचा इतिहास प्राचीन आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने २०१३ साली आफ्रो कंगव्याच्या ६,००० वर्षांच्या वाटचालीवर प्रदर्शन भरवले. त्यात प्राचीन इजिप्तमधील कंगव्यांपासून आधुनिक कंगव्यांपर्यंतचे नमुने होते. पश्चिम आफ्रिकेत केशरचनेवरून व्यक्तीचा समाज, वय व वैवाहिक स्थिती ओळखता येत असे.

अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे हे कंगवे, तेले आणि निगेसाठी लागणारा वेळ हिरावला गेला. लोकर पिंजण्याच्या दातेरी फळ्यांनी केस विंचरल्याचे उल्लेख मिळतात. केशकर्तनकार विली मॉरो यांनी १९७३ साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'कंगव्याविना चारशे वर्षे' असा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी केशनिगेच्या उत्पादनांचा मोठा व्यवसाय उभारला. त्या काळात तापवलेल्या कंगव्याने आणि पुढे रसायनांनी केस सरळ करण्याची पद्धत रुळली. १९६० च्या दशकात नागरी हक्क व 'ब्लॅक पॉवर' चळवळींबरोबर मोकळे आफ्रो केस स्वाभिमानाचे चिन्ह बनले. २००० नंतर नैसर्गिक केस राखण्याची नवी लाट आली आणि धुण्याच्या दिवसाचे तंत्र आंतरजालावरील चित्रफितींतून पसरले.

हे केस 'अव्यवस्थित' ठरवून शाळा व नोकरीत भेदभाव होत आला आहे. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे शाळकरी मुलींनी अशा नियमांविरुद्ध निदर्शने केली. २०१९ साली कॅलिफोर्निया हे केसांच्या पोतावरून होणाऱ्या भेदभावास बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. तेथील कायदा 'क्राउन ॲक्ट' या नावाने ओळखला जातो. मुलीचे केस विंचरण्यास शिकणाऱ्या वडिलांवरील 'हेअर लव्ह' या लघुपटास २०२० साली ऑस्कर पुरस्कार मिळाला.

लहान मुले आणि सावधगिरी

विंचरताना होणाऱ्या वेदनांमुळे मुलांच्या मनात स्वतःच्या केसांविषयी नावड निर्माण होऊ शकते. म्हणून मुलांसाठी भाग अधिक लहान ठेवले जातात, मुळाशी केस धरले जातात आणि मधे विश्रांती दिली जाते. केस सतत ओढले गेल्यास कपाळाच्या व कानांच्या कडेने ते विरळ होतात. या विकारास कर्षणजन्य टक्कल म्हणतात. तो सुरुवातीस ओळखल्यास केस पुन्हा येऊ शकतात, मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास हानी कायमची ठरते. टाळूवर वेदना, पुटकुळ्या किंवा चट्टे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक असतो.

जट आणि गुंता

गुंता दीर्घकाळ न सोडवल्यास केसांचा घट्ट गोळा होतो. केस सरळ असले तरी हे घडू शकते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेस 'प्लायका पोलोनिका' व महाराष्ट्रात 'जट' म्हणतात. महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात जट ही यल्लम्मा देवीची खूण मानली जाई आणि जट आलेल्या मुलींना देवीला वाहिले जात असे. देवीच्या कोपाच्या भीतीने ती विंचरली वा कापली जात नसे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांचे व कुटुंबीयांचे समुपदेशन करून त्यांच्या संमतीने जट कापतात. जट दैवी नसून न विंचरलेले केस, तेल व मळ यांपासून बनते, हे ते समजावून सांगतात. जमैकातील रास्ताफारी पंथाच्या बटा मात्र जाणीवपूर्वक राखलेल्या असतात. त्यांची स्वच्छता व निगा नियमित ठेवता येते.

हे सुद्धा पहा

केस
केराटीन
कंगवा
मॅडम सी. जे. वॉकर
देवदासी
महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती