बार्शीचा आवाज

१९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या त्रयीने मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. त्याचा इतिहास बहुधा गिरणगावापासून आणि कम्युनिस्ट पक्षापासून सुरू होतो. माझ्या मते तो सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीपासूनही सांगायला हवा. १९१६ साली तिथे जन्मलेल्या मेहबूब पटेलांचे, म्हणजे अमर शेखांचे, सुरुवातीचे आयुष्य गिरणीत मजुरी, संप आणि तुरुंगवास यांत गेले. कामगारांचे दुःख त्यांना पक्षाच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

यावर कोणी म्हणेल, पथकाचे शब्द तर अण्णाभाऊंचे. पक्षाचे व्यासपीठ नसते तर अमर शेखांच्या गळ्याला विचारले कोणी असते? आक्षेपात तथ्य आहे. अण्णाभाऊंनी तमाशातली गण-गवळण बाजूला सारून वगाला नवा आशय दिला, हे मोठेच काम. पण असे लोकनाट्य कागदावर अर्धेच असते. हजारोंच्या मैदानी सभेत शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवणारा पहाडी गळा, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर उभी केलेली सभा, ही स्वतंत्र निर्मितीच होती. शिवाय अमर शेख स्वतः कवी होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे संग्रह त्यांचेच. तरी अभ्यासक छापील संहितेकडे आधी वळतात, कारण ती कपाटात सापडते. गाणाऱ्याचे श्रेय असे आपोआप घटते, आणि १९६९ साली अपघाती मृत्यू आलेल्या या शाहिराचे तर जरा जास्तच घटले.